कुत्र्याचा खुबा केव्हां तपासावा?

कुत्र्याला बोलतां येत नाहीं हें सर्वांना ठाऊक असतें. पण त्याला दुखणें लपवितां येतें, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. पायांत कांटा मोडला तर तें केकाटतें. परंतु जें दुखणें महिनोन् महिने हळूहळू वाढत जातें, त्याच्याशीं तें मुकाट्यानें जुळवून घेतें. खुब्याचा विकार हा अशाच दुखण्यांपैकीं होय. म्हणून 'लंगडूं लागलें कीं दाखवूं' असें म्हणणारा गृहस्थ मनानें दयाळू असला तरी हिशेबांत चुकतो.

मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडांतील वाटीसारख्या खोबणींत घट्ट बसावा, अशी निसर्गाची योजना असते. कांहीं पिलांत ही सांगड सैल राहते. शरीर झपाट्यानें वाढत असतां माथा खोबणीच्या कडेवर आदळत राहतो, कूर्चा झिजते, खोबण उथळ होते. यालाच 'हिप डिस्प्लेशिया' म्हणतात. अमेरिकेंत श्नेल या पशुवैद्यानें १९३५ सालीं कुत्र्यांतील या विकाराचें वर्णन केलें. प्रवृत्ति आईबापांकडून येते. पण ती अनेक जनुकांवर अवलंबून असल्यामुळें निर्दोष आईबापांच्या पोटींही सदोष पिलूं निपजूं शकतें. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड अशा, शहरांतील सदनिकांत हौसेनें आणल्या जाणाऱ्या थोराड जातींत हा विकार विशेष आढळतो.

या विकाराची खरी फसवणूक पुढेंच आहे. पांच ते दहा महिन्यांचें पिलूं खेळून लवकर दमतें, धांवतांना सशाप्रमाणें दोन्ही मागचे पाय एकदम टाकतें, बसतांना एक पाय बाजूला फेंकतें, सकाळीं उठतांना क्षणभर अडखळतें. घरांतील मंडळी म्हणतात, 'वाढीचें वय आहे.' पुढें वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास सांध्याभोंवतालचें वेष्टन जाड होतें, सैलपणा कमी होतो, आणि पिलूं खरोखरच सुधारल्यासारखें दिसतें. मग मंडळींना आपलें म्हणणें खरें ठरल्याचें समाधान होतें! सांधा मात्र आंतून झिजतच असतो. सात-आठ वर्षांनीं तेंच कुत्रें जिन्याच्या पहिल्या पायरीशीं उभें राहून वर पाहात बसतें. दरम्यान उपायांची वेळ निघून गेलेली असते. कारण खोबणीचा कल सुधारणारी एक शस्त्रक्रिया साधारण बारा ते वीस आठवड्यांच्या वयांतच उपयोगी पडते.

म्हणून श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं मोठ्या जातीचें पिलूं आलें असेल, त्यांनीं लस टोंचण्याच्या निमित्तानेंच, चौथ्या महिन्याच्या सुमारास, पशुवैद्याला खुबे हातानें चांचपून पाहण्यास सांगावें. या परीक्षेला ओर्तोलानी यांचें नांव आहे; इटलींतील या बालरोगवैद्यांनीं ती १९३७ सालीं मानवी अर्भकांसाठीं वर्णिली होती. प्रत्येक पिलाचें क्ष-किरण चित्र काढण्याची गरज नाहीं. हाताला सैलपणा लागला, चालींत वर सांगितलेला फरक दिसला, किंवा पुढें वीण घ्यावयाची असली, तर मात्र तें काढावें. हें चित्र बहुधा गुंगी देऊनच घेतात. गुंगीच्या नांवानें पुष्कळ मालक बिचकतात. पण जाग्या कुत्र्याचे स्नायू सांधा आंवळून धरतात आणि सैलपणा झांकला जातो.

उलटपक्षीं, चित्र म्हणजे दुखणें नव्हे. चित्रांत खुबे वाईट दिसत असूनही आनंदानें बागडणारीं कुत्रीं आहेत; केवळ चित्र पाहून शस्त्रक्रियेची घाई करणें योग्य नव्हे. तसेंच वयस्क कुत्रें मागून ढिलें पडलें कीं दोष खुब्याचाच, असेंही नाहीं. गुडघ्याचा बंध तुटणें, पाठीच्या कण्याचे विकार, आपल्याकडे गोचिडांमुळें येणारा ताप, यांनींही कुत्रें लंगडतें.

आहाराची गोष्ट मात्र निर्विवाद आहे. अमेरिकेंत अठ्ठेचाळीस लॅब्रॅडॉरांवर जन्मभर चाललेल्या एका प्रयोगांत जोडींतील एकाला दुसऱ्यापेक्षां पाव हिस्सा कमी अन्न दिलें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणारीं सुमारें पावणेदोन वर्षें अधिक जगलीं, व त्यांच्या खुब्यांची झीजही कमी आढळली. आजीच्या हातची तूप लावलेली पोळी प्रेमाची खरी, पण तिचें वजन खुब्यावर पडतें. मोठ्या जातीच्या पिलाला समतोल आहारावर वरून कॅल्शियमची पूड चारणेंही अपायकारक. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळींच देऊं नयेत; त्यांतील कांहीं कुत्र्याच्या जिवावर बेततात.

वीण घेणाऱ्यांची जबाबदारी निराळी आहे. तेथें तपासणी त्या एका कुत्रीसाठीं नसून तिच्या आठ-दहा पिलांसाठीं, आणि तीं ज्या घरांत जातील त्या घरांसाठीं असते. अमेरिकेंतील नोंदणी संस्था अंतिम प्रमाणपत्रासाठीं चोवीस महिन्यांचें वय पूर्ण होण्याची अट घालते. ब्रिटनमध्यें एक वर्षाची अट आहे. पिलूं विकत घेणाऱ्यानें आईबापांच्या खुब्यांचा अहवाल मागावा. विकणारा हंसला, तर दुसरें दार पाहावें.

पशुवैद्याकडे जातांना एक युक्ति उपयोगी पडते. दवाखान्यांत कुत्रें भेदरलेलें असतें आणि अगदीं सरळ चालतें. म्हणून घरीं सकाळीं झोंपेतून उठतांना, जिना चढतांना व गुळगुळीत फरशीवर वळतांना त्याचें चित्रण फोनवर करून घ्यावें, आणि दवाखान्यांत पोहोंचतांच तेंच प्रथम दाखवावें.