ठेका आणि ठेकेदार : हिप हॉपची जन्मकथा



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावयाचे म्हणजे बोनस, किमान वेतन, नाहीतर कंत्राटी कामगारांचा प्रश्न, अशी सर्वांची समजूत असते. 'हिप हॉप' हा विषय आम्ही चिटणीसांना कळवला तेव्हा त्यांनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू आम्ही न विचारता संपच मागे घेतला आहे! तेव्हा आधी खुलासा करतो. आम्ही संगीतज्ञ नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु द्वारसभेला येणारी कंत्राटी पोरे चहाच्या टपरीवर मोबाइलमध्ये जे ऐकतात, तो आम्हाला कित्येक दिवस नुसता गलका वाटे. एकदा त्यांतल्या एकाला आम्ही म्हटले, "बाबा रे, ह्यात गाणं कुठं आहे?" तो म्हणाला, "काका, गाणं नाही ते. सांगणं आहे."

ह्या उत्तराने आमचे तोंड बंद झाले आणि वाचन सुरू झाले. वाचता वाचता आम्ही थेट न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात जाऊन पोहोचलो.

हिप हॉप दारिद्र्यातून जन्मले असे पुष्कळ लोक म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. दारिद्र्य हे वांझ असते; ते हिरावून घेते, देत काही नाही. जे जन्माला येते ते माणसांच्या हुन्नरातून आणि त्यांच्या एकीतून. आज एवढेच सांगावयाचे आहे, आणि त्या हुन्नराचे दाम कोणाच्या पदरात पडले, हेही सांगावयाचे आहे.

प्रथम त्या वस्तीची हकीकत. ब्राँक्स हा न्यूयॉर्कचा उत्तरेकडचा भाग. तेथे ज्यू, इटालियन, आयरिश अशी श्रमिक कुटुंबे राहत. त्यांच्या शेजारी अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय, प्वेर्तो रिको बेटावरचे लोक, आणि पुढे जमैका, बार्बाडोस येथून आलेली कुटुंबे येऊन राहिली. १९४८ मध्ये रॉबर्ट मोझेस ह्या सर्वसत्ताधारी अधिकाऱ्याच्या हुकुमाने ह्या वस्त्यांच्या पोटातून क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे हा महामार्ग काढावयास सुरुवात झाली. ईस्ट ट्रेमाँट नावाच्या एकाच वस्तीत, एका मैलाच्या रस्त्यासाठी, सुमारे दीड हजार बिऱ्हाडे उठवली गेली. रस्ता किंचित वळवून बागेच्या कडेने नेला तर बहुतेक घरे वाचतात, हे रहिवाशांनी नकाशे काढून दाखवले. ते नकाशे फेटाळण्यात आले. विकासासाठी उठा, असे ज्यांना कोणी सांगितले असेल, त्यांना ही कथा अपरिचित वाटणार नाही.

त्याच काळात रोजगार आटला. १९५० मध्ये न्यूयॉर्क शहरात कारखान्यांतून सुमारे १० लाख माणसे कामावर होती. १९८० पर्यंत ती संख्या निम्म्यावर आली. बँकांनी ह्या वस्त्यांना कर्ज देणे थांबवले. ज्यांची ऐपत होती ते निघून गेले. येथे आमच्याच घरची एक गोष्ट झाकून ठेवता कामा नये. कामगार संघटनांच्या पाठबळाने ब्राँक्सच्या एका टोकाला को-ऑप सिटी ही १५,३७२ घरांची सहकारी वसाहत उभी राहिली. १९६८ मध्ये तेथे लोक राहावयास आले. काम मोलाचे होते. पण जुन्या वस्तीतली बऱ्या मिळकतीची कुटुंबे तिकडे गेली, आणि मागे राहिलेले अधिकच एकाकी पडले.

मग आगी लागू लागल्या. काही घरमालकांनी विम्याच्या पैशासाठी स्वतःच्या इमारती पेटवून दिल्या, आणि नगरपालिकेने काटकसर म्हणून ह्याच गरीब भागांतली अग्निशामक ठाणी बंद केली! १९७० ते १९८० ह्या दहा वर्षांत जनगणनेच्या ४४ विभागांत निम्म्याहून अधिक इमारती आगीने किंवा ओसाड पडून नाहीशा झाल्या. १९७५ मध्ये शहराची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा शाळांतल्या संगीताच्या आणि चित्रकलेच्या शिक्षकांवर कुऱ्हाड कोसळली. मुलांच्या हातांतली वाद्ये आणि कुंचले अशा रीतीने काढून घेतले गेले, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

अशा ठिकाणी तरुणांच्या टोळ्या झाल्या नसत्या तरच नवल. ह्या गल्लीतल्या पोराने त्या गल्लीत पाऊल टाकले की डोके फुटे. डिसेंबर १९७१ मध्ये 'घेट्टो ब्रदर्स' ह्या टोळीचा कॉर्नेल बेंजामिन नावाचा तरुण दोन टोळ्यांत समेट घडवण्यासाठी गेला असता मारला गेला. सारे ब्राँक्स आता सूड पेटणार म्हणून श्वास रोखून बसले. परंतु त्याच्या साथीदारांनी सूड नाकारला. ८ डिसेंबर १९७१ रोजी हो अॅव्हेन्यूवरच्या मुलांच्या क्लबात टोळ्यांचे प्रमुख एकत्र बसले आणि त्यांनी तह केला. तो तह सर्वांनी सर्वकाळ पाळला असे नाही. पण गल्लीगल्लीतल्या भिंती थोड्या खाली आल्या. आम्ही ज्याला एकी म्हणतो ती हीच. ह्या तहावाचून पुढच्या संगीताला श्रोतेच मिळाले नसते, असे आमचे मत आहे. कारण परक्या गल्लीतल्या जलशाला जाऊन जिवंत परत येता आले पाहिजे!

आता मुख्य दिवस. ११ ऑगस्ट १९७३. १५२०, सेजविक अॅव्हेन्यू ह्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाची एक मुलगी राहत होती. शाळा उघडण्यापूर्वी नवे कपडे घ्यावेत, पण पैसे पुरेनात. तेव्हा तिने इमारतीचा सामाईक दिवाणखाना भाड्याने घेऊन तेथे नाचगाण्याची रात्र ठरवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट, अशी हाताने लिहिलेली आमंत्रणपत्रे वाटली. रेकॉर्डी वाजवण्याचे काम तिच्या भावाकडे, क्लाइव्हकडे होते. हा मुलगा १९५५ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे जन्मला, १९६७ मध्ये ब्राँक्सला आला. त्याला सारे कूल हर्क म्हणत. त्याच्याकडे वडिलांची मोठी ध्वनियंत्रणा होती, आणि रस्त्यावर दांडगे कर्णे लावून नाच करावयाचा, ही जमैकाची चाल त्याने लहानपणी पाहिली होती.

हर्कने एक गोष्ट हेरली. गाण्यात एक क्षण असा येतो की गाणारा थांबतो, बाकीची वाद्ये थांबतात, आणि नुसता ड्रमचा ठेका उरतो. त्याला 'ब्रेक' म्हणतात. नाचणारी पोरे सगळे गाणे ह्याच क्षणाची वाट पाहत. पण तो काही सेकंदांत संपे. हर्कने काय केले? एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवर तोच सुरू करावयाचा, तेवढ्यात पहिलीची सुई मागे आणावयाची. दहा सेकंदांचा ठेका दहा मिनिटे चालू लागला. ह्या युक्तीला त्याने 'मेरी-गो-राउंड', म्हणजे जत्रेतला फिरता पाळणा, असे नाव दिले. आपल्याकडे डीजे म्हटले की मिरवणुकीतली कानठळ्या बसवणारी भिंत आठवते. मूळ डीजे म्हणजे भिंत नव्हे. दोन हातांची कारागिरी.

ती कारागिरी पूर्णत्वास नेली जोसेफ सॅडलर ऊर्फ ग्रँडमास्टर फ्लॅश ह्याने. हर्क अंदाजाने सुई टाकी. फ्लॅशने रेकॉर्डवर रंगीत खूण केली, घड्याळाच्या काट्याप्रमाणे किती फेरे मागे फिरवावयाचे ते मोजले, रेकॉर्ड सहज सरकावी म्हणून तिच्याखाली लोकरी कापडाची चकती घातली, आणि दुसरी रेकॉर्ड आधी आपल्या एकट्याच्या कानात ऐकता यावी असा खटका स्वतः जोडला. हा मुलगा विजेचे काम शिकला होता. त्याच्या धंदेशिक्षणाच्या शाळेचे नाव होते सॅम्युएल गॉम्पर्स. हे गॉम्पर्स म्हणजे सिगार वळणारे कामगार, १८८६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचे पहिले अध्यक्ष! हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. फ्लॅशच्या ओळखीचा थिओडोर हा त्याहूनही लहान मुलगा. आई ओरडली म्हणून त्याने फिरती रेकॉर्ड हाताने धरली, ती पुढे-मागे सरकली, आणि 'स्क्रॅच'चा खरखरीत सूर जन्मला, असे तो सांगतो. शाळेने वाद्य काढून घेतले. पोरांनी वाजवण्याच्या यंत्राचेच वाद्य केले.

हिप हॉपची अंगे चार मानतात. डीजे हे पहिले. दुसरे अंग एमसी, म्हणजे सूत्रधार. हर्कच्या शेजारी कोक ला रॉक हा मित्र माइक घेऊन उभा राही. प्रथम नुसती मित्रांची नावे घेणे, आरोळ्या देणे, एवढेच चाले. पुढे ठेक्यावर यमके जुळू लागली आणि रॅप तयार झाले. ह्यात बायका नव्हत्या असे समजू नका. 'फंकी फोर प्लस वन' ह्या संचातील शा-रॉक हिचा दबदबा मोठा होता. तिसरे अंग नृत्य. ब्रेकवर नाचणारे ते बी-बॉय. कृष्णवर्णीय पोरांनी सुरू केलेला हा नाच प्वेर्तो रिकन पोरांनी जोपासला. १९७७ मध्ये निघालेला 'रॉक स्टेडी क्रू' हा त्यांचा नामांकित संच. फुटपाथवर पुठ्ठा अंथरून केलेला हा नाच २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पोहोचला. चौथे अंग ग्राफिटी. हे खरे तर आधीचे आणि वेगळ्या वाटेने आलेले. 'ताकी १८३' असे नाव शहरभर लिहीत सुटलेला मुलगा पत्रे-पुडकी पोहोचवणारा निरोप्या होता. १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर लिहिले, आणि आगगाड्यांचे डबे नावांनी भरू लागले. ज्यांचे नाव कोणत्याच कागदावर सन्मानाने येत नाही, त्यांनी ते डब्यावर लिहिले.

ही चार अंगे एका माळेत गुंफून त्यांत 'ज्ञान' हे पाचवे अंग जोडले आफ्रिका बंबाटा ह्याने. टोळीचा म्होरक्या असलेल्या ह्या माणसाने झुलू नेशन ही संघटना काढून तरुणांना मारामारीकडून नाचाच्या पैजेकडे वळवले. पुढे २०१६ मध्ये त्याच्यावर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे गंभीर आरोप झाले आणि संघटनेचे नेतृत्व त्याने सोडले. कार्याची नोंद करावी तशी ह्याचीही केली पाहिजे. पुढच्या अनेक गाण्यांत स्त्रियांविषयी जी हीन भाषा आली, तिचेही आम्ही समर्थन करणार नाही. चळवळ आपली म्हणून तिचे दोष आपले होत नाहीत, असे म्हणता येत नाही.

मित्रहो, आपल्या मराठीत 'ठेका' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. तबलजी धरतो तो एक ठेका. ठेकेदार घेतो तो दुसरा. आतापर्यंत पहिल्याची कथा झाली. दुसऱ्याची १९७९ मध्ये सुरू होते.

त्या वर्षी न्यू जर्सीच्या सिल्व्हिया रॉबिन्सन ह्यांनी तीन तरुण जमवून 'रॅपर्स डिलाइट' ही रेकॉर्ड काढली आणि रॅप जगभर पोहोचले. बाईंची नजर तीक्ष्ण, ह्यात शंका नाही. पण त्या तिघांपैकी एकाने म्हटलेली यमके ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझची होती. त्याच्या वहीतून ती जशीच्या तशी उचलली, इतकी की त्यात कॅझचे टोपणनावही तसेच राहिले! कॅझला ना श्रेय मिळाले ना मोबदला. तेथेच ज्या 'गुड टाइम्स' गाण्याचा ठेका वापरला होता, त्याच्या रचनाकारांनी कायद्याचा बडगा दाखवताच त्यांची नावे रेकॉर्डवर आली. म्हणजे न्याय अशक्य नव्हता; ज्याच्यापाशी कागद होता त्याला तो मिळाला.

परंतु हीच कथा उलट बाजूनेही पाहिली पाहिजे. हिप हॉपने ज्यांचे ठेके घेतले त्यांचे काय? जेम्स ब्राउनच्या ताफ्यात क्लाइड स्टबलफील्ड हा ड्रम वाजवणारा होता. १९७० च्या 'फंकी ड्रमर' ह्या रेकॉर्डवरचे त्याचे काही सेकंद शेकडो रॅपगाण्यांनी उचलले. रचनाकार म्हणून त्याचे नाव नव्हते. म्हणून वाजवल्याच्या मजुरीपलीकडे त्याला हक्काचे काही मिळाले नाही. तो २०१७ मध्ये वारला. आणि स्वतः हर्क? २०११ मध्ये तो आजारी पडला, तेव्हा हिप हॉपच्या ह्या जनकापाशी आरोग्यविमा नव्हता. त्याची शस्त्रक्रिया ही लोकांच्या वर्गणीची बाब झाली! अब्जावधी डॉलरांच्या धंद्याचा पाया ज्याने घातला, त्याच्याकडे हजेरीपत्रक नव्हते.

आपल्याकडेही आज तेच दार उघडले आहे. कुर्ला, अंधेरी, धारावी येथल्या पोरांनी हे सांगणे आपल्या भाषेत आणले. डिव्हाइन आणि नेझी ह्यांचे 'मेरे गली में' २०१५ मध्ये आले, २०१९ मध्ये त्या वातावरणावर 'गली बॉय' हा चित्रपट निघाला. मराठीतही रॅप होत आहे. आमचे ह्या पोरांना एवढेच सांगणे आहे : ठेका मनमुराद धरा, पण सही करण्यापूर्वी कागद वाचा, आणि एकट्याने वाचू नका.

शेवटी पुन्हा १५२०, सेजविक अॅव्हेन्यूकडे. २००७ च्या सुमारास मालकाने ही इमारत सवलतीच्या भाडेयोजनेतून काढून विकण्याचा घाट घातला. भाडेकरू एकत्र आले. हर्क त्यांच्या बाजूने उभा राहिला. हिप हॉपचे जन्मस्थान म्हणून तिची ऐतिहासिक योग्यता राज्याने मान्य केली. तरीही विक्री टळली नाही. पण भाडेकरू हटले नाहीत, आणि नव्या मालकाचा व्यवहार बुडाल्यावर शहराच्या साह्याने ती घरे परवडणाऱ्या भाड्यात राखली गेली. ज्या दिवाणखान्यात एका मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी २५-२५ सेंट जमवले, त्या इमारतीतले लोक स्वतःच्या छपरासाठी लढले आणि टिकले. त्या पोराने म्हटलेले सांगणे ते हेच असावे, असे आम्ही समजतो.