मथळा आणि मजकूर

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाह आणि उद्योगधंदे यांविषयी विचार मांडले जातात. यंदा आम्ही वृत्तपत्रांतील मथळ्यांविषयी बोलणार, हे ऐकून काही मंडळींना नवल वाटले असेल. परंतु ज्यातील मुलगा, मुलगी वा भाचा परदेशी नाही, असे घर आज आपल्या ज्ञातीत विरळाच. त्या देशांतील पत्रांत परक्या माणसाविषयी काय छापले जाते, हा प्रश्न आता आपल्या घरचा झाला आहे. उदाहरणे आम्ही इंग्लंडमधील घेतो. तेथील वृत्तपत्रांचा वाचकवर्ग मोठा आहे आणि त्यांच्या चुकांच्या नोंदीही उपलब्ध आहेत.

२० ऑगस्ट १९३८ रोजी लंडनच्या ‘डेली मेल’ने जर्मनीतील ज्यू या देशात लोटत आहेत, अशा अर्थाचा मथळा दिला. बातमीचा आधार काय होता? एका न्यायालयात काही निर्देशीय ज्यूंचे प्रकरण चालले असता दंडाधिकाऱ्याने काढलेले उद्गार! एका माणसाचे मत मथळ्यात चढताच वस्तुस्थितीचे रूप घेऊन बसले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ९ नोव्हेंबरच्या रात्री, जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे जळाली. ते लोक का पळत होते, हे तेव्हा जगाला कळले. ‘लोटत आहेत’ या शब्दांत ते कारण कोठेच नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. मे १९७६ मध्ये ‘सन’ या पत्राने आठवड्याला सहाशे पौंड खर्चाच्या स्थलांतरितांचे ‘प्रकरण’ पहिल्या पानावर गाजविले. हे स्थलांतरित म्हणजे आफ्रिकेतील मलावी देशातून आलेली आशियाई वंशाची दोन कुटुंबे होती. त्यांच्यासाठी घर मिळेना, म्हणून स्थानिक प्रशासनाने त्यांना हॉटेलात उतरविले. सहाशे पौंड हे त्या हॉटेलचे बिल होते. परंतु मथळा वाचणाऱ्याच्या मनात काय ठसले? तर परक्यांच्या खिशात दर आठवड्याला सहाशे पौंड पडतात! आकडा खरा, आणि समज मात्र खोटा. मथळ्याचे सर्वांत घातक सामर्थ्य आम्हाला येथेच दिसते. उघड असत्याला खोडून काढता येते. अर्ध्या सत्याला खोडून काढणे कठीण असते.

तिसरे उदाहरण तर हास्यास्पद वाटावे असे आहे. ४ जुलै २००३ रोजी त्याच ‘सन’ने आश्रयार्थी लोक राणीचे हंस चोरून भाजून खातात, अशी बातमी पहिल्या पानावर ठळक छापली. तिच्याविरुद्ध वृत्तपत्र तक्रार आयोगाकडे दाद मागण्यात आली. अखेर डिसेंबरमध्ये पत्राने खुलासा छापला, की या प्रकरणी कोणालाही अटक झालेली नाही, सबब संशयित आश्रयार्थीच होते असा निष्कर्ष काढता येत नाही. हा खुलासा आला एक्केचाळिसाव्या पानावर! हंसांची कथा ज्यांनी चहाच्या टपरीवर आणि कारखान्यात एकमेकांना सांगितली, त्यांपैकी कितीजण पाच महिन्यांनी एक्केचाळिसाव्या पानापर्यंत पोहोचले असतील?

चौथे उदाहरण अगदी अलीकडचे. युरोपीय संघात राहावे की न राहावे, यावर ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ रोजी सार्वमत झाले. त्याच्या बरोबर एक आठवडा आधी ‘डेली मेल’ने मालमोटारीतून उतरणाऱ्या माणसांचे छायाचित्र पहिल्या पानावर दिले. वर मथळा होता, की आम्ही युरोपातून आलो आहोत, आम्हाला आत घ्या. परंतु चित्रफितीत तीच माणसे आपण इराक आणि कुवेत येथील असल्याचे पोलिसांना सांगत होती. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली, ती दुसऱ्या पानावर, अवघ्या चौपन्न शब्दांत.

हे कसे घडते, हेही समजून घेतले पाहिजे. बातमी लिहितो वार्ताहर. मथळा बहुधा दुसराच कोणी, म्हणजे कचेरीत बसलेला उपसंपादक, देतो. त्याच्यापाशी जागा चार-सहा शब्दांची. त्या जागेत ‘कथित’, ‘काही’, ‘चौकशी चालू’ हे शब्द मावत नाहीत आणि नेमके तेच गळतात. शिवाय स्थलांतरित, निर्वासित आणि आश्रयार्थी हे तीन निरनिराळे लोक एकाच शब्दात कोंबले जातात. तिकडे ‘बेकायदा आश्रयार्थी’ हा शब्दप्रयोग इतका बोकाळला, की ऑक्टोबर २००३ मध्ये त्या आयोगालाच संपादकांना समजवावे लागले की असा प्राणी असूच शकत नाही. कारण आश्रय मागणे हा गुन्हा नव्हे.

पूर्वी असा मथळा छापखान्यातून निघण्यास रात्र लागे. आता क्षणही लागत नाही. २९ जुलै २०२४ रोजी साउथपोर्ट येथे तीन बालिकांची निर्घृण हत्या झाली. काही तासांतच मारेकरी होडीतून आलेला आश्रयार्थी असल्याची वार्ता एका खोट्या नावासह समाजमाध्यमांवर पसरली. वस्तुतः तो ब्रिटनमध्येच, कार्डिफ येथे जन्मलेला होता. तरीही गावोगाव दंगली उसळल्या. ४ ऑगस्ट रोजी रॉदरहॅम येथे आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलवर जमाव चालून गेला आणि तेथे आगही लावण्यात आली. आत माणसे होती.

कोणी म्हणेल, परक्यांच्या आगमनाविषयी तक्रारच करू नये काय? आमचे तसे म्हणणे नाही. किती लोकांना आत घ्यावे, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. घरे, शाळा, रुग्णालये यांच्यावर पडणारा ताण खरा असतो आणि त्यावर वाद अवश्य व्हावा. परंतु तो खऱ्या माहितीवर व्हावा.

आणि येथे आपल्या अंगणाकडेही पाहणे प्राप्त आहे. तिकडच्या पत्रांत ‘पूर’ आणि ‘लाट’ हे शब्द माणसांना लावतात, तर आपल्या मराठी पत्रांत ‘लोंढा’ हा शब्द रूढ झालेला आहे. लोंढ्याला नाव नसते, गाव नसते, आईबाप नसतात. त्याला फक्त बांध घालायचा असतो! १९६० साली निघालेल्या ‘मार्मिक’ साप्ताहिकात मुंबईतील अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात. त्यांवर प्रथम ‘वाचा आणि थंड बसा’ व पुढे ‘वाचा आणि उठा’ असे मथळे असत. मराठी तरुणाची नोकरीची अडचण खोटी होती, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु नुसत्या आडनावावरून तो मनुष्य मुंबईत कधी आला, की येथेच जन्मला, आणि ती जागा त्याने कशी मिळविली, हे कळत नाही. यादी नावांची होती. मथळा संतापाचा होता.

आपल्यासारख्या ज्ञातिसंस्था तरी कशासाठी निघाल्या? गावाहून मुंबईस येणाऱ्या नवख्या माणसाला अंग टाकण्यास जागा, विद्यार्थ्याला वसतिगृह आणि गरजूला चार ओळखी मिळाव्यात म्हणून. ज्यांनी वळकटी काखोटीला मारून परक्या शहरात पाऊल टाकले, त्यांचेच आपण वंशज आहोत. त्यांना कोणी ‘लोंढा’ म्हटले असते, तर आपल्याला ते रुचले असते काय? आणि आज मँचेस्टर वा मेलबर्नमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलीला कोणी तसे म्हटले, तर रुचेल काय?

म्हणून आमची विनंती एवढीच आहे. परक्यांविषयी भडक मथळा दिसताच मजकूर शेवटपर्यंत वाचावा. हे कोणी सांगितले, आकडा कशाचा आहे आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांचे म्हणणे कोठे आहे, एवढे पाहावे. ज्ञातीच्या मंडळींसाठी भ्रमणध्वनीवर जे गट चालतात, त्यांवर असा मजकूर पुढे धाडण्यापूर्वी तर हे अवश्यच पाहावे. कारण तेथे उपसंपादकही आपण आणि मुद्रकही आपणच. एखादी वार्ता खोटी ठरली, तर जेथे ती धाडली तेथेच आणि तितक्याच ठळकपणे दुरुस्तीही धाडावी. एक्केचाळिसाव्या पानाची वाट पाहू नये.