गावाजवळची चंद्रभागा
(शताब्दी सोहळ्यातील भाषणाचे शब्दांकन)



शंभर वर्षं पंढरीची वाट चालणाऱ्या दिंडीपुढे आम्ही प्रवासावर काय बोलावं? आम्ही प्रवासवर्णनं लिहिणारे. गाडीनं जातो, मुक्कामाला उतरतो, चार पानं लिहितो. तुम्ही तर अख्खा प्रवास पायांनी लिहिला. म्हणून आज दूरच्या मुलखाच्या गोष्टी नकोत. कामठीपासून दोन-तीन मुक्कामांच्या आत जे आहे, त्याबद्दलच बोलू.

कसं आहे, जवळचं दिसत नाही. १८२१ साली इंग्रजांनी छावणीसाठी हा कन्हानचा काठ निवडला. १९९९ पासून ड्रॅगन पॅलेस पाहायला दूरदूरची माणसं येतात. आपण मात्र कन्हानचा पूल ओलांडताना हात जोडतो आणि पुढे जातो. ही नदी येते कुठून, जाते कुठे, असं नातवानं विचारलं तर उत्तर देता यायला हवं. चला, आज बसल्या जागेवरून तिच्यासोबत चालू.

कन्हान येते छिंदवाड्याकडच्या सातपुड्यातून. पेंचही तिकडचीच. कामठीच्या वरच्या अंगाला, बिना संगमाच्या परिसरात, पेंच आणि कोलार कन्हानला मिळतात. कोलार येते पश्चिमेकडून, आणि येताना एका लहान नदीला पोटात घेऊन येते. तिचं नाव चंद्रभागा! कळमेश्वर तालुक्यात धापेवाड्याला विठ्ठलाचं मंदिर आहे, त्याच्या पायथ्याशी ती वाहते. म्हणजे माउली, विठ्ठलाच्या पायाशी वाहिलेलं पाणी कामठीच्या काठाला लागतं.

धापेवाड्याला विदर्भाचं पंढरपूर म्हणतात. तिथल्या कोलबास्वामी महाराजांची कथा तुम्ही ऐकली असेल. महाराज पंढरीचे वारकरी. म्हातारपणी पाय थकले, वारी होईना, जीव तळमळू लागला. तेव्हा देवानं दृष्टान्त दिला, की तू येऊ नको, मीच तुझ्या गावी आलो आहे; आणि विहिरीत मूर्ती सापडली, असं लोक सांगतात. पंढरीची आषाढी झाली की पांडुरंग धापेवाड्याला येतो, अशी या मुलखाची श्रद्धा आहे. पौर्णिमेच्या सुमाराला तिथे मोठी यात्रा भरते.

सावता महाराजांनीही अरणचा मळा सोडला नाही. देवच मळ्यात गेला, हे आपण कीर्तनात ऐकतोच. याचा अर्थ पंढरीला जाऊ नये, असा कोणी घेऊ नये. पंढरी ती पंढरी. पण पाय थकले म्हणून वारी संपत नाही, एवढं मात्र यातून घ्यावं. प्रत्येक दिंडीत काही म्हातारी माणसं असतात. प्रस्थानाच्या दिवशी ती वेशीपर्यंत येतात, वीणेला हात लावतात, डोळे पुसत माघारी फिरतात. त्यांच्या वाटेचं काय, हा प्रश्न दिंडीचाच आहे ना?

आता नदीच्या खालच्या अंगाला चला. कापसाचा काळा मुलूख हळूहळू मागे पडतो, धानाच्या बांध्या सुरू होतात, आणि कुही तालुक्याच्या टोकाला कन्हान वैनगंगेला भेटते. तिथे अंभोरा. पाच नद्यांचा संगम आणि चैतन्येश्वराचं देऊळ. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथेच लिहिला, असं बरेच अभ्यासक मानतात. काही जण अंबाजोगाईचं नाव घेतात. ग्रंथाचा काळ शके १११० दिला जातो, म्हणजे 'ज्ञानेश्वरी'च्या १०२ वर्षं आधीचा. मराठीतला ब्रह्मविचार आपल्याच नदीच्या काठी बोलला गेला असेल, ही काय लहान गोष्ट आहे?

अजून पुढे जाऊ. वैनगंगा वर्धेला मिळाली की तिची प्राणहिता होते. त्या वर्धेत आधीच पैनगंगा आलेली असते, आणि पैनगंगेत कयाधू. कयाधू म्हणजे नामदेव महाराजांच्या नरसीची नदी. म्हणजे कामठीचं पाणी आणि नरसीचं पाणी एक होऊन गोदावरीला जातं. संत आणि आपण वेगवेगळ्या जिल्ह्यांत राहतो. नद्या मात्र एका पंगतीत बसतात.

पण ही पंगत आता स्वच्छ राहिलेली नाही. जुलै २०२२ मध्ये पावसात खसाळ्याजवळचा औष्णिक वीज केंद्राचा राखेचा बंधारा फुटला. राख शेतांत शिरली, नाल्यांतून नदीच्या पाण्यात गेली. पाणी बिघडलं की आपण तक्रार करतो, आणि ती केलीच पाहिजे. पण ज्या नदीच्या काठानं आपण कधी चाललोच नाही, तिचं दुखणं आपल्याला कळणार तरी कधी? नळाला गढूळ पाणी आल्यावर? काठानं चालणाऱ्या माणसाला ते आधी दिसतं. वाळू कुठे उपसली, घाट कुठे ढासळला, कोणतं झाड गेलं, हे पायांना कळतं. गाडीच्या काचेतून नाही कळत.

म्हणून दिंडीच्या दुसऱ्या शंभरीसाठी आमचं मागणं साधं आहे. आषाढीची मोठी वारी आहे तशीच चालू द्या. तिच्या जोडीला वर्षातून दोन लहान वाटा धरा. एक वर, धापेवाड्याला. एक खाली, अंभोऱ्याला. धापेवाड्याला पाय थकलेल्या माउलींना बैलगाडीत, टेम्पोत बसवून सोबत न्या. अंभोऱ्याला शाळेतली पोरं न्या. आणि वाटेतला प्रत्येक नाला, पाणवठा, देवराई, मुक्कामाचं झाड म्हाताऱ्यांकडून विचारून एका वहीत उतरवून ठेवा. ही नावं आज त्यांच्या तोंडी आहेत. लिहिली नाहीत तर त्यांच्यासोबतच जातील.

पंढरीची वाट आपल्याला पूर्वजांनी दिली. गावाजवळची वाट नातवंडांना आपण द्यायची आहे.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!