बिंदुसरा वर कशी चढते?



भिंतीवरच्या आपल्या जिल्ह्याच्या नकाशात बिंदुसरा खाली बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि वर जाऊन सिंदफणेला मिळते. तिसरीतले एखादे चौकस पोर विचारतेच, पाणी वर कसे चढते? आपण हसतो. आमच्या मते, हसण्याजोगे आहे ते आपले शिकवणे. उत्तर म्हणजे 'वर' ही समजूत आपणच खिळा ठोकून पक्की केलेली असते.

तेव्हा नकाशा उतरवा, अंगणात पसरा, आणि त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे करा. आता बालाघाट पाठीशी, गोदावरी समोर, आणि नदी सरळ जमिनीवरून निघाली! त्याच डोंगराच्या पलीकडल्या अंगाने मांजरा पूर्वेकडे निघते आणि भला मोठा वळसा घेऊन तेलंगणात गोदावरीला मिळते, हेही मग मुलांना बोटाने दाखवता येते.

पण खरी उत्तर कोणती? उगवत्या सूर्याकडे तोंड केले की डावा हात उत्तरेला, असे आपण घोकून घेतो. शाळा उघडते जूनमध्ये. त्या दिवसांत सूर्य येथे खऱ्या पूर्वेच्या डावीकडे सुमारे २५ अंशांवर उगवतो. माध्यान्हीची सावली पाहावी, तर बीड १९ अक्षांशावर असल्यामुळे जूनमध्ये ती उत्तरेऐवजी किंचित दक्षिणेला पडते. बिचाऱ्या मुलाने काय करावे? २२-२३ सप्टेंबरपर्यंत थांबावे. तेव्हा सूर्य नेमका पूर्वेस उगवतो. अंगणात मीटरभर काठी उभी रोवली, तर दुपारी सव्वाबाराच्या सुमारास तिची सुमारे दीड वीत लांब सावली बरोबर उत्तरेला पडते. तिच्यावर चुन्याची रेघ ओढून ठेवावी.

हा मुहूर्त आम्ही उगाच धरीत नाही. दिवाळीच्या आगेमागे आपल्या खेड्यांतली कितीतरी मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, आणि नकाशाचा धडा पुष्कळदा त्यांच्या पाठीमागे होतो. परत आल्यावर तीच पोरे वर्गात 'कच्ची' ठरतात. वास्तविक कोल्हापूरकडे गेलेल्या पोराने सीना, भीमा, कृष्णा या तिन्ही नद्या स्वतः ओलांडलेल्या असतात. गुरुजींनीही कदाचित त्या ओलांडलेल्या नसतील. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती परतली की त्या चुन्याच्या रेघेपाशी त्यांना उभे करावे, हाती खडू द्यावा, आणि फडापर्यंतची वाट फरशीवर काढायला सांगावी. बाकीच्या वर्गाने भोवती बसून विचारावे: भीमा कोणत्या बाजूला वाहत होती?