पाणी कुणीकडं जाईल?

भूगोलाच्या तासाला पोरी कॉम्प्युटरसारखा विचार करायला शिकतात म्हणजे काय, असं गटात विचारलं जातं. त्याला कॉम्प्युटर लागतोच असं नाही.

वहीत चौकटी आखा. प्रत्येकीत त्या जागेची उंची लिहा. मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. नियम एकच: भोवतालच्या आठ चौकटींपैकी जिकडं उतार जास्त, तिकडं पाणी जाणार. तसे बाण काढा. बाण जिथं गोळा होतात, तो ओढा. मागं जात चौकटी मोजल्या की तिथं किती रानाचं पाणी येतं तेही कळतं.

ही रीत १९८४ साली छापून आली. पाणलोटाचे नकाशे काढताना कॉम्प्युटर आजही हेच करतो, फक्त लाखो चौकटींवर. २००० साली अंतराळयानातून रडारनं जमिनीची उंची मोजली, त्यातली एक चौकट साधारण ३० मीटरची. तेवढ्यात आपला बांध दिसतो होय? बांध कुठं फुटतो ते तुम्हालाच ठाऊक. म्हणून शिवारफेरीला पोरींना न्या, चुकलेले बाण खोडायला लावा.

मग बंधाऱ्याची जागा ठरेल त्या ग्रामसभेत वही उघडून विचारा: इथं किती चौकटींचं पाणी येतं? श्रमदान आपणच करणार आहोत.