सीझन नव्हता, तरी सहाचा स्लॉट बुक होता

आजचा भाग फुटबॉलवर, पण मॅचवर नाही. सरावावर. तोही अशा वेळचा, जेव्हा पुढे मॅच होणार की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं.

२०२५चा पावसाळा आठवा. ११ जुलैला एफएसडीएलने कळवलं, आयएसएल होल्डवर. फेडरेशनबरोबरचा त्यांचा १५ वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि नवा झालाच नव्हता. एरवी या दिवसांत क्लबांचे कॅम्प लागतात. त्या वर्षी बऱ्याच क्लबांनी सरावच थांबवला. ड्युरंड कपला आयएसएलच्या १३ पैकी फक्त ६ संघ उतरले, आपली मुंबई सिटी त्यात नव्हती. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने तर पहिल्या संघाचे पगार थांबवल्याचं जाहीर केलं.

मग खेळाडू काय करत होते? सगळ्यांचं नाही माहीत, पण पाच-सहा जणांचं सांगू शकते. आमची गँग रविवारी सकाळी अंधेरी वेस्टला एका टर्फवर सातचा स्लॉट घेते. सहाचा स्लॉट यांचा असायचा. नावं नाही सांगणार, क्लबही नाही. बिचारे गुपचूप येऊन घाम गाळत होते, त्यांचे रील कशाला करायचे? आम्ही मात्र साडेसहालाच जाळीबाहेर कटिंग घेऊन उभे.

पहिला फरक लगेच दिसला. आम्ही गेलो की थेट गोलवर शॉट. यांची पहिली वीस मिनिटं बॉलला हातच नाही, म्हणजे पायच नाही. कंबर, मांडी, घोटा, सगळं निवांत. कोच नव्हताच. त्यांच्यातला वयाने मोठा जो होता तो मोबाईलवर टायमर लावायचा आणि बाकीचे मुकाट्याने ऐकायचे.

मग रोंडो. चार जण बाहेर, एक मध्ये, बॉल वाचवायचा. टीव्हीवर आपल्याला पास दिसतो. जवळून बघितलं तर मान दिसते. बॉल पायाशी यायच्या आधी प्रत्येक जण दोनदा मागे वळून बघतो. दोनदा! मी पुढच्या तासात करून पाहिलं, बॉल सरळ पायाखालून गेला. असो.

खरी अडचण जागेची होती. मोठं मैदान साधारण १०५ बाय ६८ मीटर असतं. टर्फवर चार ढांगा टाकल्या की जाळी. आणि फुटबॉलपटूची हॅमस्ट्रिंग टिकवायची तर पूर्ण वेगाने पळण्याची सवय सुटून चालत नाही. नुसतं जॉगिंग करून थेट मॅच खेळलं की ती ओढली जाण्याची भीती. म्हणून हे लोक स्लॉट संपल्यावर मागच्या गल्लीत, उभ्या रिक्षांच्या बाजूने, एका स्पीडब्रेकरपासून दुसऱ्यापर्यंत स्प्रिंट मारायचे. भर पावसात. दूधवाला थांबून बघायचा.

फिटनेस असा एकट्याने जमवता येतो. पण चार डिफेंडरची लाइन एकत्र पुढे-मागे कशी हलवणार? कॉर्नरला कोण कुणाला धरणार? ते अकरा जणांचं काम, आणि अकरा जण जमवायला क्लब लागतो.

आपल्या मुंबईला क्लब जाण्याची सवय आहे, हे तुमच्यातल्या लहानांना कदाचित माहीत नसेल. महिंद्रा युनायटेड २००५-०६ला नॅशनल लीग जिंकली आणि २०१०मध्ये बंद. मुंबई एफसी २००७ला सुरू झाली, २०१७ला आय-लीगमधून खाली घसरली आणि संपली. खालिद जमील या दोन्ही क्लबांकडून खेळले, मुंबई एफसीचे कितीतरी वर्षं कोचही होते. त्याच २०२५च्या ऑगस्टमध्ये ते भारताचे कोच झाले. म्हणजे देशाच्या टीमला कोच मिळाला तेव्हा त्याच्या खेळाडूंना लीगच नव्हती!

टर्फवरच्या त्या ग्रुपमध्ये एक पोरगा होता, एकोणीस-वीसचा. जाळीबाहेर गेलेले बॉल तोच आणायचा, बिब्जही तोच गोळा करायचा. डावा पाय कमाल. सीनियर लोकांकडे थोडी साठवण असते, नाव असतं. याच्याकडे काय? एक महिना आला, मग दिसला नाही. गावी गेला, असं टर्फवाल्या काकांनी सांगितलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. जानेवारीत क्रीडामंत्र्यांनी घोषणा केली, लीग १४ फेब्रुवारी २०२६पासून. १४ संघ, एकूण ९१ मॅच. म्हणजे प्रत्येकाला १३. आदल्या सीझनला लीगमध्ये प्रत्येकी २४ होत्या. सगळे म्हणाले, चला, सुरू तर झालं! मलाही बरं वाटलं. पण २४ मॅचमध्ये कोच एखाद्या नव्या पोराला चार संधी देऊ शकतो. १३मध्ये, तीही एवढ्या घाईच्या तयारीनंतर, कोण रिस्क घेणार? तो आपला अनुभवी माणूसच उतरवणार, आणि त्यात त्याची चूकही नाही. टीमची यादी आली की मी आधी शेवटची नावं वाचते. त्या पोराचं अजून दिसलेलं नाही.

पुढच्या वेळी मॅचला जाल तेव्हा पाऊण तास आधी पोचा. वॉर्मअप चुकवू नका. बेंचवर बसणारे कोपऱ्यात रोंडो खेळत असतात, त्यांच्या माना बघा. आणि तुमच्या एरियातल्या टर्फवर, बोरिवली असो की मुलुंड, असं कुणी पाहिलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. नाव न घेता, प्लीज. भेटू पुढच्या भागात.