देशाचा खेळाडू, क्लबचे गुण



अध्यक्षानं वर्षभरातल्या क्रीडालेखनाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे आणि कार्यक्रमपत्रिकेतही तसंच छापलं आहे. तो आढावा स्मरणिकेत येईल, सवडीनं वाचा. माझ्या मनात मात्र गेली कित्येक वर्षं एकच गोष्ट खदखदते आहे आणि अध्यक्षपदाच्या या खुर्चीशिवाय ती कुणी ऐकून घेतली नसती. खेळाडू देशासाठी गेला की आपण त्याच्यामागे धावतो. तो ज्या संघातून गेला, त्या संघाचं पुढं काय झालं हे लिहायला कुणी मागे थांबत नाही. उदाहरण रग्बीचं घेतो. हे दुखणं तिथं सगळ्यात उघडं दिसतं, आणि क्रिकेटचं घेतलं तर आपण पाच मिनिटांत रोहित-विराटवर घसरू.

रग्बी युनियन १९९५च्या ऑगस्टमध्ये अधिकृतपणे व्यावसायिक झाली आणि एका खेळाडूला दोन मालक आले: पगार देणारा क्लब आणि जर्सी देणारा देश. जागतिक संघटनेचा नववा नियम सांगतो की ठरलेल्या काळात देशानं बोलावलं तर क्लबनं खेळाडू सोडलाच पाहिजे. हा काळ थोडाथोडका नाही. नोव्हेंबरमधले सामने, फेब्रुवारी-मार्चमधली सिक्स नेशन्स ही युरोपातली स्पर्धा, जुलैतले दौरे आणि दर चार वर्षांनी विश्वचषक. बरं, गेलेला खेळाडू म्हणजे पंधरातून एक वजा, असा हिशेब फक्त कागदावर जमतो. लाइनआउट घ्या. चेंडू मैदानाबाहेर गेला की हुकर तो दोन रांगांच्या मधोमध फेकतो. कुठं आणि कुणासाठी, हे बहुतेक वेळा लॉकच्या जागेवर खेळणाऱ्या एखाद्यानं दिलेल्या सांकेतिक हाकेवर ठरतं. साथीदारांनी उचललेला खेळाडू हवेत पोचेल त्याच क्षणी चेंडू तिथं हवा. हाक देणारा राष्ट्रीय शिबिरात गेला की हाका त्याच राहतात, वेळ चुकते. गोलरेषेपासून पाच मीटरवर असं दोनदा झालं की सामना हातचा जातो.

यावर हमखास मिळणारं उत्तर पैशाचं. इंग्लंडच्या रग्बी संघटनेनं २०१६मध्ये प्रीमियरशिप या अव्वल साखळीतल्या क्लबांशी आठ वर्षांचा, २० कोटी पौंडांहून मोठा करार केला. २०२४मध्ये पुन्हा आठ वर्षांचा करार झाला. त्यात सुरुवातीची वर्षं दरसाल ३ कोटी ३० लाख पौंड क्लबांना मिळायचे आहेत. मग तक्रार कसली, असं विचारलं जातं. तक्रार अशी की नुकसान गुणांचं होतं आणि भरपाई पौंडांत मिळते. लेस्टर या क्लबनं १९९९ ते २००२ सलग चार वर्षं इंग्लंडचं विजेतेपद मिळवलं. २००३च्या नोव्हेंबरात सिडनीला विश्वचषक उंचावणारा कर्णधार मार्टिन जॉन्सन त्यांचा. नील बॅक, लुईस मूडी, बेन के हेही त्यांचेच. देशानं जल्लोष केला. क्लबचा हंगाम घसरत गेला आणि फेब्रुवारी २००४मध्ये प्रशिक्षक डीन रिचर्ड्स यांना पद सोडावं लागलं. निव्वळ खेळाडू गेले म्हणून हे घडलं असं मी म्हणत नाही. पण जो क्लब देशाला सर्वाधिक देतो, त्याच्याच हंगामाला सगळ्यात मोठं भगदाड पडतं, हे कुठल्याही धनादेशानं बुजत नाही.

त्याच मोसमात वॉस्प्स या क्लबनं काय केलं, असं कुणी विचारील. लॉरेन्स डालाग्लिओ आणि जॉश लूसी हे विश्वविजेते त्यांच्याकडे होते, तरी त्यांनी इंग्लंडचं आणि युरोपचं अशी दोन्ही विजेतेपदं मिळवली. खरं आहे. पण कशी मिळवली तेही पाहा. साखळीत पहिला आला होता बाथ. वॉस्प्स दुसरे होते, आणि अंतिम सामन्यात त्यांनी बाथला १०-६ असं हरवलं. बाद फेरी मोसमाच्या अखेरीस होते, तेव्हा देशाकडे गेलेले परत आलेले असतात. म्हणजे बाद फेरी ही बड्या क्लबांना मिळालेली दुसरी संधी आहे. तळाशी झगडणाऱ्या क्लबाचा एकुलता एक चांगला फ्लाय-हाफ फेब्रुवारीत गेला, तर त्याचे गेलेले गुण मोसमाच्या अखेरीस कोण परत देणार?

दुसरा आक्षेप मला जास्त डाचतो, कारण त्यात तथ्य आहे. मोठे गेले म्हणून पोरांना संधी मिळते, असं म्हणतात. मिळतेच. इंग्लंडमधल्या चषक स्पर्धेतून अकादमीची मुलं पुढं येतात. आयर्लंडचं लेन्स्टर तर अर्धा राष्ट्रीय संघ देऊनही दुय्यम संघावर सामने काढून नेतं. पण तिथं आघाडीच्या खेळाडूंशी करार राष्ट्रीय संघटना करते आणि डब्लिनच्या शाळा दरवर्षी नवी फळी तयार करून देतात. प्रत्येक क्लबाच्या नशिबी तिथल्या ब्लॅकरॉक कॉलेजसारखी शाळा नसते. ज्याच्या नशिबी नाही त्यानं दुसरी फळी विकत घ्यावी म्हटलं, तर वेतनमर्यादा आडवी येते. इंग्लंडमधल्या सॅरेसन्सकडे राष्ट्रीय खेळाडूंची फौज होती आणि ते तरीही जिंकत राहिले, याचं आपल्याकडेही कौतुक झालं. २०१९मध्ये उघड झालं की त्यांनी वेतनमर्यादा ओलांडली होती. ३५ गुण कापले, ५० लाख पौंडांवर दंड झाला आणि अखेर क्लब खालच्या श्रेणीत गेला.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे: देश खेळत असताना साखळी खेळूच नये. फुटबॉलमध्ये बड्या साखळ्या आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या काळात थांबतात. शिवाय २०२२च्या विश्वचषकासाठी फिफानं ४४० क्लबांना मिळून सुमारे २० कोटी ९० लाख डॉलर दिले. म्हणजे आधी गुण राखले, मग पैसे दिले. फ्रान्सची टॉप १४ मात्र २६ फेऱ्या आटपायच्या म्हणून सिक्स नेशन्सच्या दिवसांतही सामने लावते. इंग्लंडनं अलीकडे त्या दिवसांत साखळी थांबवायला सुरुवात केली, पण वेळापत्रकात ती जागा कशी मिळाली? वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे तीन क्लब २०२२-२३च्या मोसमात आर्थिकदृष्ट्या कोसळले, १३चे १० संघ उरले आणि साखळी १८ फेऱ्यांवर आली. वेळापत्रक शहाणपणानं मोकळं झालं नाही, पडझडीनं झालं. साखळी थांबली की स्टेडियम रिकामं राहतं, घरचे सामने नऊच उरतात, तिकिटाचा गल्ला आटतो, हा आक्षेप खरा आहे. पैशानं भरून निघण्याजोगं नुकसान हेच, आणि संघटनेचे पौंड इथंच खर्ची पडावेत. आणखी एक फायदा होईल. फिजी, सामोआ, टोंगाच्या खेळाडूंवर देशाकडून खेळू नका म्हणून युरोपातले क्लब दबाव आणतात, ही जुनी तक्रार आहे. साखळीतला एकही सामना बुडत नसेल, तर त्या दबावाचं निमित्तच उरत नाही.

खेळाडू गेले की क्लब संपतो, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. १८७३मध्ये स्थापन झालेला कलकत्त्याचा रग्बी क्लब काही वर्षांतच ओस पडला. बफ्स ही पलटण शहरातून हलली, राहिलेल्यांना पोलोचा नाद लागला, आणि क्लबातली फुकटची दारू बंद झाली हेही एक कारण सांगतात. सभासदांनी बँकेतले चांदीचे २७० रुपये वितळवून, नागांच्या मुठींचा आणि झाकणावर हत्ती असलेला चषक बनवून इंग्लंडच्या संघटनेला दिला. इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याचा कलकत्ता कप तो हाच. देशांना करंडक मिळाला, क्लब गेला.

आता आपल्याकडे वळतो. मुंबईनं रणजी करंडक ४२ वेळा जिंकला, तो देशाकडे गेलेल्यांची जागा मैदानांवरच्या क्लबांनी भरून काढली म्हणून. जानेवारी २०२५मध्ये बीकेसीच्या मैदानावर देशाकडून खेळणारे रोहित, यशस्वी आणि श्रेयस मुंबईकडून उतरले आणि जम्मू-काश्मीरनं पाच गडी राखून सामना जिंकला. रोहितच्या ३ आणि २८ धावांवर आपण रकानेच्या रकाने भरले. त्यांना जागा करून देताना त्या मोसमात शतकं काढलेल्या आयुष म्हात्रेला बाहेर बसावं लागलं, याला किती ओळी दिल्या? गैरहजेरीची किंमत संघ मोजतो, तशी परत येण्याचीही मोजतो, आणि दोन्ही वेळा आपला कॅमेरा भलतीकडे असतो. घरच्या संघांना मोजाव्या लागणाऱ्या या किमतीची नोंदवही या व्यासपीठानं सुरू करावी, असा विचार आहे. कार्यकारिणीत त्यावर बोलू. तोवर एक विनंती. येत्या मोसमापासून रणजीचा गुणतक्ता छापाल तेव्हा प्रत्येक संघाखाली त्या फेरीत देशाकडे गेलेल्यांची नावंही छापा. एका ओळीचं काम आहे.